हलत्या सीटवर आठ महिने : घरच्या सिम्युलेटरचा अनुभव

मी वेंगुर्ल्याचा, शिकाऊ वैमानिक. सेसना १७२ या छोट्या विमानावर ४० तास झालेत, घरी असलो की सिम्युलेटरवर बसतो. ऑक्टोबरात सीटखाली ती हलवणारा दोन अक्षांचा मोशन प्लॅटफॉर्म बसवला. पिच (नाक वर-खाली) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणं), एवढंच.

पहिले दोन आठवडे फुकट गेले. हालचाल शंभर टक्क्यांवर ठेवली होती आणि लँडिंग आधीपेक्षा बिघडलं. विमान ३० अंश कललं की सीटही कलायची आणि तशीच राहायची. खऱ्या विमानात नीट घेतलेल्या वळणात वजन सरळ सीटमध्येच दाबलं जातं, बाजूला घसरायला होत नाही. कानातल्या तोलाच्या नलिकांना फिरण्यातला बदल कळतो, एकसारखं फिरत राहणं थोड्या वेळाने कळेनासं होतं. या सीटवर मात्र अंग घसरत होतं, म्हणून विमान स्लिप होतंय, म्हणजे आतल्या बाजूला घसरतंय, असं वाटून मी उगाच रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायाचं नियंत्रण) दाबत होतो. आता रोल ३५ टक्क्यांवर आहे आणि वॉशआउट चालू आहे : सुरुवातीचा झटका मिळतो, मग सीट जाणवणार नाही इतक्या हळू मध्यावर येते. सहा पायांच्या मोठ्या सिम्युलेटरमध्येही हेच करतात, कारण पायांची लांबी कधीतरी संपतेच.

खरा फायदा झोतांच्या वाऱ्यात आहे. चिपी विमानतळाची सड्यावरची धावपट्टी पूर्व-पश्चिम, म्हणून मी मुद्दाम दक्षिणेचा, म्हणजे बाजूने येणारा वारा लावतो. मोशन बंद असताना पंख खाली गेला हे क्षितिज बघून कळायचं, तोवर मध्यरेषा सुटलेली. चालू असताना हात आधीच फिरलेला असतो. निवतीचे काका होडीवर आयुष्य काढलेले, सीटवर बसून म्हणाले, "लाट डोळ्यांक दिसूच्या आधी अंगाक कळता." अगदी तेच!

पण मी स्वतः ठरवून घेतलेल्या वळणात किंवा चढाईत मला काहीच फरक दिसला नाही. काय होणार ते हाताला आधीच माहीत असतं. अमेरिकेच्या व्होल्पी या सरकारी वाहतूक संशोधन केंद्राने एअरलाइन वैमानिकांवर प्रयोग केले, त्यातही मोशनवर शिकलेले आणि स्थिर सिम्युलेटरवर शिकलेले यांच्यात फारसा फरक आढळला नव्हता. तरी लेव्हल डी, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या सिम्युलेटरला सहा अक्षांची हालचाल लागतेच.

जुन्या लॅपटॉपवर सीट चित्राच्या मागे पडायची आणि अर्ध्या तासात मळमळायचं. नव्या मशीनवर ते थांबलं. त्यामुळे आधी कॉम्प्युटर बघा, मग प्लॅटफॉर्मवर पैसे घाला.

खाऱ्या हवेने चौथ्या महिन्यात स्क्रू गंजले. कंपनीने उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, याचा मला राग आहे. आता दर महिन्याला ग्रीस लावतो. लाईट गेली की सीट वाकडीच अडकते, म्हणून यूपीएस घेतला.

सगळ्यात मोठी उणीव यॉची, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळण्याची. दोन इंजिनांच्या बॅरन विमानात एक इंजिन बंद पडलं की आधी नाक बाजूला ओढलं जातं, आणि ती पहिली खूण ही सीट देतच नाही. देते ते नंतरचं कलणं. चुकीची सवय लागू नये म्हणून तो सराव मी मोशन बंद ठेवूनच करतो.