पडाऊकच्या पट्ट्यांचा मरिंबा : आठ महिन्यांच्या सरावानंतर

मरिंबा म्हणजे काठ्यांनी वाजवायचे लाकडी पट्ट्यांचे वाद्य; सरावासाठी घेतलेला ४⅓ सप्तकांचा मरिंबा मी गेले आठ महिने रोज वाजवत आहे. पट्ट्या आफ्रिकन पडाऊक लाकडाच्या, पट्ट्यांखाली नाद घुमवणाऱ्या नळ्या ॲल्युमिनियमच्या आणि चौकटीची उंची कमीजास्त करता येणारी. हे वाद्य मैफलीसाठी बनवलेले नाही, त्यामुळे त्याला मापही सरावाचेच लावायला हवे.

सर्वांत आधी पट्ट्यांचे कौतुक केले पाहिजे. पट्टी उलटी केली की तिच्या पोटात कमानीसारखे खोल कोरलेले दिसते, आणि या कोरणीमुळेच मूळ स्वरावरचा पहिला उपस्वर बरोबर दोन सप्तके वर बसतो. याच जातीच्या झायलोफोनमध्ये तोच उपस्वर एक सप्तक आणि पंचम इतका वर ठेवतात, म्हणून त्याचा आवाज अधिक कोरडा व टोकदार लागतो. माझ्या वाद्यात खालच्या दोन सप्तकांची जुळणी नेमकी आहे. सर्वांत वरच्या सप्तकात मात्र जुळणी करणाऱ्याचा हात आखडलेला जाणवतो. रोझवूड लाकडाच्या पट्ट्यांच्या तुलनेत आस, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा नाद, लवकर विरते, पण जलद तानांच्या सरावाला ते सोयीचेच पडते.

तक्रार आहे ती नळ्यांची. खालच्या सप्तकातील नळ्यांची बुडे वरखाली सरकवता येतात, आणि ही सोय खरोखर उपयोगाची आहे, कारण उकाडा वाढला की नळीतील हवेचा स्वर चढतो आणि लाकडाचा उतरतो. परंतु तिसऱ्या महिन्यात ११० हर्ट्झच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीवर मऊ काठी पडताच तिच्या सुमारे पाऊण मीटर लांबीच्या नळीतून डास घोंगावल्यासारखी भणभण येऊ लागली. बूड सैल झाले होते. विक्रेत्याने पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही. नवे बूड यायला पाच आठवडे लागले.

गंमत अशी की ज्या भणभणीसाठी मी पत्रे लिहीत होतो, तिच्याशिवाय ग्वातेमालातील मरिंबा अपुरा मानला जातो. तेथे प्रत्येक पट्टीखालच्या लाकडी पेटीला तळाशी छिद्र ठेवून मेणाच्या कड्यावर डुकराच्या आतड्याचा पातळ पडदा ताणतात आणि त्या कंपाला ‘चार्लेओ’ म्हणतात. तंबोऱ्याची जवारी ज्यांच्या कानात आहे त्यांना याचे नवल वाटू नये. ही आवड आफ्रिकेतून आली : मरिंबा हे नावच बांटू भाषांतले, आणि तेथील काष्ठतरंगांच्या पट्ट्यांखालील भोपळ्यांवर कोळ्याच्या अंडकोशाचा पापुद्रा लावण्याची रीत आहे. अमेरिकेत नेलेल्या गुलामांबरोबर ही विद्या गेली. १६८० मध्ये ग्वातेमालातील, आजच्या अँटिग्वा शहरातील, कॅथेड्रलच्या सोहळ्यात मरिंबा वाजल्याची नोंद इतिहासकार डोमिंगो हुआर्रोस यांनी केली आहे. पुढे भोपळ्यांच्या जागी पेट्या आल्या, आणि १८९० च्या दशकात काळ्या पट्ट्यांची दुसरी ओळ जोडली गेली. तिचे श्रेय ग्वातेमालाचे लोक सेबास्तियान उर्तादो यांना देतात आणि मेक्सिकोतील चियापासचे लोक कोराझोन दे हेसुस बोर्रास यांना. हा वाद मिटावा अशी कोणाचीच इच्छा दिसत नाही.

माझे वाद्य या घराण्याच्या शिकागो शाखेचे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील डीगन कंपनीने पेट्यांऐवजी धातूच्या नळ्या लावल्या आणि पुढच्या मैफली मरिंबातून पडदा निघून गेला, म्हणजे आवाज स्वच्छ झाला आणि थोडा सभ्यही. यामाहाने जपानी मरिंबावादक केइको आबे यांच्याबरोबर काम करून वाद्य पाच सप्तकांपर्यंत नेल्यावर चार काठ्यांच्या रचनाही तितक्याच खोल गेल्या. या रचना वाजवायच्या असतील त्यांनी ४⅓ सप्तकांचे वाद्य घेऊ नये. डावा हात ऐन वेळी शेवटच्या पट्टीच्याही बाहेर जातो. दोन काठ्यांचा पाया, स्वरवाचन आणि चार काठ्यांची पकड बसवण्यासाठी मात्र ते मी निःशंकपणे सुचवीन, फक्त नळ्यांची बुडे पहिल्याच दिवशी एकेक हलवून पाहावीत.

जुने बूड परत मागितले गेले नाही. ग्वातेमालातील एखादा ‘सोन’, म्हणजे तिथली पारंपरिक नृत्यधून, वाजवायचा असला की मी नवे काढून तेच बसवतो.