९० रुपयांच्या नोट्स, लातूर

औसा रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून राष्ट्रीय सुरक्षेच्या नोट्स घेतल्या. ९० रुपये, स्पायरल बाइंडिंग. आणल्या पोराच्या राज्यसेवेसाठी, पण आधी मीच वाचून काढल्या. फौजेतली १७ वर्षं गप बसू देत नाहीत.

सल्लागार मंडळाचं प्रकरण झकास आहे. १९९८ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद झाली, तिच्या जोडीला सरकारबाहेरच्या जाणकारांचं मंडळ; निमंत्रक के. सुब्रह्मण्यम. अणुधोरणाचा मसुदा ह्याच मंडळानं लिहिला. ऑगस्ट १९९९ मध्ये तो जाहीर झाला, त्यावर भरपूर काथ्याकूट झाला आणि सरकारचं शिक्कामोर्तब व्हायला जानेवारी २००३ उजाडलं, तेही बदल करून. मंडळ सांगतं, ठरवतं सरकार. इतकं सोपं करून दुसरीकडं वाचलं नव्हतं.

पण पान ३१ वर हे मंडळ आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एकच समजून घोळ घातलाय. सल्लागार हा सरकारचाच माणूस, पहिले ब्रजेश मिश्र. परीक्षेत नेमकं हेच आलं तर पोरगं गेलंच की! दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो, "काका, आपण फक्त छापतो."

शेवटची चार पानं पुसट आहेत, उघडून बघून घ्या.