पहिली तीन नाणी खरी होती

आकडा आधीच सांगून टाकतो, एका खोट्या जुन्या नाण्यात माझे गेले ६४० पौंड. आपल्या रुपयांत सत्तर हजारांच्या घरात. बायकोला तीन आठवड्यांनी कळलं आणि तेही मी सांगितलं म्हणून नाही, त्यामुळे त्या विषयावर जास्त बोलत नाही. लिहितोय एवढ्यासाठीच की इकडे यूकेत आलेले आपले बरेच लोक हल्ली या जुन्या नाण्यांच्या नादाला लागलेत. परवाच एकाने मला घुबड छापलेल्या जुन्या ग्रीक नाण्याचा फोटो पाठवून विचारलं, घेऊ का? मी त्याला फोनवर पाऊण तास सगळं सांगितलं, म्हटलं आता एकदा लिहूनच टाकावं.

मी रेडिंगला राहतो, सहा वर्षं झाली. मूळचा कराडचा. घरी बाबांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात शिवराया, भोकाचा पैसा, काय काय होतं, त्यामुळे मला लहानपणापासून एक गोड गैरसमज होता की आपल्याला नाण्यातलं कळतं. रामटंका विकायला आलेल्या एका माणसाला मी दहावीत असताना ‘हे देवळात विकतात ते टोकन आहे, चला’ म्हणून हाकलला होता. तोच माज नडला.

नाद लागला तो इथल्या मठाच्या पडक्या भिंतींमुळे. रेडिंग ॲबी. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळात या मठात चांदीची पेनी पाडायचे, आणि तिच्या मागच्या बाजूला क्रॉसने पाडलेल्या चार खणांपैकी एकात ठिपक्यांऐवजी शिंपला असतो. आपण ज्या गावात भाडं भरतो त्या गावची सातशे वर्षांपूर्वीची टांकसाळ, हे ऐकल्यावर कोणाला नको वाटेल? पण ती नाणी दुर्मिळ, सहज मिळत नाहीत. म्हणून म्हटलं आधी साधी घेऊ, हात बसू दे.

एका कॉईन फेअरला नाणी विकणारे एक गृहस्थ भेटले. साठी ओलांडलेले, टेबलावर दोन लाकडी ट्रे, थर्मासमधला चहा, कसलीही घाई नाही. मी पहिल्या एडवर्डची पेनी उचलली तर स्वतःचं भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, आधी वाचा, मग किंमत विचारा. आणि खरंच वाचायला शिकवलं हो. नाणं १९ मिलिमीटरचं, वजन १.४ ग्रॅमच्या आसपास, हातात घेतलं तर आहे की नाही कळत नाही इतकं पातळ. पुढे समोरून बघणारा मुकुटवाला चेहरा आणि भोवती लॅटिन अक्षरं, सगळी काटछाट केलेली, अर्थ असा की एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा धनी. मागे काठापर्यंत जाणारा लांब क्रॉस, चार खणांत तीन तीन ठिपके, आणि गावाचं नाव क्रॉसने चार तुकड्यांत तोडलेलं, सिवि-तास-लॉन-डॉन, म्हणजे लंडन शहर. कँटरबरीचं असेल तर कँटॉर.

गंमत म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही एडवर्ड नाण्यावर नुसते एडवर्डच. नंबर नाही. मग मुकुटाची पाकळी बघा, अक्षरांचं वळण बघा, नाव तीन अक्षरांत उरकलंय की पाचात ते बघा. त्याआधीचं तर अजून भारी, ११८० पासून १२४७ पर्यंत आखूड क्रॉसच्या सगळ्या पेनींवर हेन्रीच लिहिलंय, मधे रिचर्ड आणि जॉन राज्य करून गेले तरी टांकसाळीत कोणी नाव बदललं नाही. (आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर आजोबांचंच नाव असतं तसं.) आणि १२९० च्या दशकात समुद्रापलीकडून आलेल्या नकला, डोक्यावर मुकुटाच्या जागी गुलाबांची माळ असली की क्रॉकर्ड आणि डोकं उघडं असलं की पोलार्ड, त्या १३०० मध्ये राजाने बंद केल्या, हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. म्हणजे खोटं नाणं कसं ओळखायचं हे मला ज्याने शिकवलं त्यानेच पुढे खोटं विकलं. आता हसू येतं. थोडं.

त्यांच्याकडून चार महिन्यांत तीन पेनी घेतल्या. लंडन, कँटरबरी, आणि एक कडा कातरलेली डरहॅमची. ३० ते ४० पौंडांना एकेक. तिन्ही खऱ्या. मी त्या नंतर दुसरीकडे दाखवल्या, भाव सुद्धा बरोबर होता. लोक मला म्हणतात अरे तू आधी चेक करायचं ना, अहो केलं होतं, चेक केलं म्हणूनच तर फसलो, कारण तीनदा बरोबर निघाल्यावर चौथ्यांदा मी नाणं नाही, माणूस चेक केला आणि माणूस पास झाला होता.

चौथं म्हणजे अथेन्सचं घुबड. चार द्राख्मांचं चांदीचं नाणं, इ.स.पू. ४५४ ते ४०४ च्या दरम्यानचं, अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतली चांदी. पुढे शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, चेहरा बाजूने पण डोळा समोरून काढल्यासारखा बदामी, मागे घुबड, त्याच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी आणि चिमुकली चंद्रकोर, घुबडाच्या पुढ्यात तीन अक्षरं, आल्फा थीटा एप्सिलॉन. पेनीनंतर हे हातात घेतलं की पेढा घेतल्यासारखं वाटतं, जाड, जड, १७.२ ग्रॅम. कोणाच्याही प्रेमात पडायला एवढं पुरे.

इथे एक गोष्ट सांगायला लाज वाटते. त्याच्या महिनाभर आधी लंडनला एका डीलरकडे मी खरं घुबड बघितलं होतं, ३८० पौंड. पण त्याच्या डोक्यावरून छिन्नीचा एक खोल घाव गेलेला, आतपर्यंत. डीलर म्हणाली, जुन्या काळी इजिप्तकडचे सराफ आत तांबं तर नाही ना हे बघायला असा घाव घालायचे, घुबडांवर असे घाव खूप सापडतात. मी म्हटलं छे, कापलेलं नको, शोकेसमध्ये बरं दिसत नाही. हे माझे शब्द.

तर आमच्या गृहस्थांनी काढलेलं घुबड स्वच्छ. एकही घाव नाही. म्हणाले एका ओळखीच्या म्हाताऱ्याचं आहे, त्याचा काका युद्धाआधी अथेन्सला नोकरीला होता, आता म्हातारा केअर होममध्ये, पैसे हवेत, ऑक्शनला दिलं तर कमिशन कापतात, म्हणून ओळखीत देतोय. सोबत नाण्याखाली ठेवतात ती गोल चिठ्ठी, पिवळी पडलेली, तपकिरी शाईत लिहिलेलं: अथेन्स, १९३८, ४.५० पौंड. मी त्या चिठ्ठीवरच विरघळलो. पावती नाही, पैसे बँक ट्रान्सफर, कारण कार्ड मशीन आज आणलेलं नाही. क्रेडिट कार्डवर १०० पौंडांच्या वरची खरेदी असली तर इथल्या कायद्याने कार्ड कंपनीसुद्धा विक्रेत्याइतकीच बांधील असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण घुबड खिशात घालून घरी न्यायचं होतं ना.

घरी वजन केलं, १६.५८ ग्रॅम. थोडं कमी. मनाशी म्हटलं अडीच हजार वर्षं झाली, झिजलं असेल. आता सांगा, झिजलं असेल तर अथेनाचं नाक आणि घुबडाची छाती आधी झिजायला हवी, आणि ती तर चकचकीत! पण प्रेमात असं होतं. मग पाण्याची टेस्ट केली, वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तळाला न टेकवता धरायचं, काटा दाखवतो तेवढं पाणी त्याने सारलं. माझं आलं १.६०. १६.५८ भागिले १.६० म्हणजे घनता १०.३६. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ९ च्या खाली. झालं, चांदी आहे, मी खूश. नंतर कळलं की १०.३६ म्हणजे बरोबर आजची दागिन्यांची ९२५ वाली चांदी, अथेन्सची चांदी त्याहून बरीच शुद्ध असायची. पण तो फरक काट्यावर एक-दोन शतांश ग्रॅमचा, आणि माझ्या काट्याचा शेवटचा आकडा एरवीही नाचतच असतो. शिवाय चांदी आहे एवढंच कळून काय उपयोग, खोटं नाणंसुद्धा चांदीचं करता येतं हे डोक्यातच आलं नाही.

पकडलं बाबांनी. व्हिडिओ कॉलवर मी कौतुकाने नाणं दाखवलं, मग चिठ्ठी दाखवली. बाबा सहकारी बँकेत कॅशियर होते, नाण्याकडे त्यांनी फार बघितलंच नाही.

“चिठ्ठी परत धर जरा. काय लिहिलंय? चार पॉइंट पन्नास?”

“हो बाबा, साडेचार पौंड.”

“साल?”

“१९३८.”

“अरे मग पॉइंट कुठून आला? आपल्याकडे ५७ ला नवे पैसे आले, त्याआधी आणे आणि पै. त्यांचं तर शिलिंगचं होतं ना?”

मी गप्प. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत इथे पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगचे १२ पेन्स होते. १९३८ साली साडेचार पौंड म्हणजे ४ पौंड १० शिलिंग असंच लिहिणार. ४.५० लिहिणारा माणूस १९७१ नंतरचा. मी सहा वर्षं या देशात राहून, मध्ययुगीन पेनी वाचता येते म्हणून मिरवणारा, आणि कराडमध्ये बसून बाबांनी तीस सेकंदांत काढलं.

रात्री जुन्या ऑक्शनचे फोटो चाळायला बसलो. घुबडं हजारोंनी आहेत, पण हातानं पाडलेल्या नाण्याची एक गोष्ट असते की ठसा तोच असला तरी दोन नाणी सारखी येत नाहीत, चांदीचा गोळा प्रत्येक वेळी वेगळा दबतो, कुठे काठाला तडा जातो, कुठे घुबडाचा पाय बाहेर जातो. रात्री दीडला सापडलं. माझंच नाणं. सात वाजता तास-काटा असतो त्या जागी काठावर तसाच वाकडा तडा, अथेनाच्या गालावर तोच ओरखडा, डहाळीचं एक पान तसंच कापलं गेलेलं. फक्त ते काही वर्षांपूर्वी विकलं गेलेलं, आणि वजन १७.१९ ग्रॅम. ठसा सारखा असू शकतो, ओरखडा कसा सारखा असेल? खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेलं. ओतीव वस्तू थंड होताना किंचित आकसते, म्हणून माझं पाऊण ग्रॅमच्या आत हलकं आणि व्यास केसभर कमी. झीज नव्हतीच ती.

तरी खात्रीसाठी त्याच लंडनच्या डीलरकडे गेलो. तिने दहापट भिंगातून आधी छाप नाही, कड बघितली. कडेला बारीक समांतर रेघा, कानशीने घासल्याच्या, साच्याचा जोड काढायला. आणि थीटाच्या गोलात सूक्ष्म पुटकुळ्या. मिनिटभरात खाली ठेवलं, काही बोलली पण नाही, फक्त चहा घेणार का विचारलं.

पैशांचं म्हणाल तर काही झालं नाही. बँक म्हणाली पेमेंट तुम्हीच केलंय, वस्तू मिळालीय, हा तुमचा आणि विक्रेत्याचा वाद. पोलिसांच्या ऑनलाइन फ्रॉड फॉर्मवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. गृहस्थांना फोन केला तर अतिशय सभ्यपणे म्हणाले की मला जसं मिळालं तसं मी दिलं, आणि मी कुठे लिहून दिलंय? खरंच, कुठेच नव्हतं. नाणं अथेन्सचं आहे असं त्यांनी तोंडानेसुद्धा म्हटलं नव्हतं, काकाची गोष्ट सांगून चिठ्ठी पुढे सरकवली होती.

आणि अजून एक काटा टोचतोच. तीन पेनी देताना ते सहज म्हणाले होते, एकाच शेतातल्या आहेत, मेटल डिटेक्टरवाला मित्र आहे. इथे १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे, ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर १४ दिवसांत कॉरोनर नावाच्या सरकारी चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. कळवलं होतं का? विचारलंच नाही. त्याबद्दलही लिहून कळवलंय आता, बघू काय म्हणतात. म्हणजे खोटं नाणं खोटं म्हणून डोक्याला ताप आणि खरी नाणी खरी म्हणून.

या सगळ्यात वाचता वाचता अथेन्सचा एक कायदा सापडला, इ.स.पू. ३७५ चा, दगडावर कोरलेला, १९७० मध्ये तिथल्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, उत्खननात निघाला. बाजारात सराफांच्या टेबलांमध्ये एक सरकारी गुलाम बसायचा, नाणी पारखायला. आत तांबं किंवा शिसं निघालं तर तिथल्या तिथे नाणं कापून देवमातेला वाहून टाकायचं, म्हणजे परत बाजारात येणार नाही. आणि पारखी जागेवर बसला नाही किंवा नीट पारखलं नाही तर त्याला ५० फटके. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फटक्यांचं कलम चांगलं आहे.

माझं नाणं आता स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे, मी त्यावर करवतीने आडवी चीर पाडलीय, चुकून कोणाच्या हाती लागलं तरी विकता येऊ नये म्हणून.

मागच्या महिन्यात धीर करून त्या डीलरकडे परत गेलो, म्हटलं ते घाव घातलेलं घुबड अजून आहे का. विकलं गेलं होतं. मी विचारलं घेणाऱ्याने घावाबद्दल घासाघीस केली असेल ना? ती म्हणाली नाही, त्याने भिंग काढून आधी तो घावच बघितला, पाच मिनिटं, आणि मग उलटं करून अथेना बघितली.