विकतचा अँटिव्हायरस सोडून डिफेंडरवर: करसल्लागाराच्या ऑफिसातला अनुभव

नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळ आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. पाच कॉम्प्युटर, चार माणसं आणि लोकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे, डिजिटल सहीचे टोकन असा सगळा जोखमीचा ऐवज. गेल्या मे महिन्यात विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपली. ती न वाढवता विंडोजबरोबरच येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरवर राहायचं ठरवलं. रिटर्नचा आणि ऑडिटचा, दोन्ही हंगाम त्याच्यावर काढले. छोट्या ऑफिसला तो पुरतो, असं माझं मत आता पक्कं झालंय. मात्र त्यातल्या काही गोष्टी स्वतः चालू कराव्या लागतात, आणि ईमेलवरच्या फसवणुकीला तर कुठलाच अँटिव्हायरस पुरा पडत नाही.

बसवायचं असं काही नसतंच. दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत डिफेंडर बाजूला राहतो, तो काढला की आपोआप कामाला लागतो. क्विक स्कॅन जेवणाच्या सुट्टीत उरकतो. जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर फुल स्कॅनला तासन्‌तास लागू शकतात, म्हणून तो आम्ही शनिवारी ऑफिस बंद करताना लावून जातो. एखाद्या मशीनबद्दल शंका आलीच, तर ऑफलाइन स्कॅन करावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं मालवेअरही सापडण्याची शक्यता वाढते.

ज्यासाठी मी डिफेंडरची शिफारस करते ती सोय मुळात बंद असते. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’च्या पानावर ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाचं बटण आहे. ते चालू केलं की ठरवून दिलेल्या फोल्डरमधल्या फायली अनोळखी प्रोग्रामला बदलता येत नाहीत. रॅन्समवेअरचं काम म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणं, आणि त्याला इथेच अडवलं जातं. आम्ही हिशेबाचा सगळा डेटा आणि क्लायंटचे फोल्डर त्यात घातले. अशी सोय आपल्या रोजच्या सॉफ्टवेअरलाही अडवू शकते, हे गृहीत धरून चालायचं. हिशेबाचं सॉफ्टवेअर, रिटर्नची युटिलिटी आणि सही करायचा प्रोग्राम आम्ही एकेक करून परवानगीच्या यादीत टाकले. हे काम मार्चएंडला काढू नका, निवांत दिवस बघून करा.

विंडोजचे अपडेट पुढे ढकलायची सवय आम्ही पूर्ण मोडली. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने हातात असूनही कितीतरी ठिकाणी तो टाकलेला नव्हता. मला ही गोष्ट फार लागते, कारण ते नुकसान टळण्यासारखं होतं.

बॅकअपचं थोडक्यात सांगते. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, आलटून पालटून. बॅकअप झाला की केबल काढायची, कारण जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते. एक डिस्क कायम घरी असते. मधूनमधून त्यातलं एखादं वर्ष दुसऱ्या मशीनवर उघडून बघतो.

पेनड्राइव्हचा त्रास मात्र आमच्या धंद्याला चिकटलेला आहे. सीबीएस बसस्थानकाकडून येणारी माणसं वाटेत झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून येतात, आणि तोच पेनड्राइव्ह आमच्याकडे लावतात. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, की कुठल्यातरी दुकानातून व्हायरस सोबत आला हे समजायचं. यासाठी एक मशीन वेगळं ठेवलंय. त्यावर नेटवर्क नाही आणि क्लायंटचा डेटाही नाही. पेनड्राइव्ह आधी तिथे तपासायचा, मग पुढे.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मी कडक आहे. फुकट अ‍ॅक्टिव्हेट करून देणारे प्रोग्राम पहिली सूचनाच देतात, ‘अँटिव्हायरस बंद करा’. परक्या माणसाच्या सांगण्यावरून दाराचा कडी-कोयंडा काढून ठेवण्यासारखं आहे हे. डिफेंडरमध्ये ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू असेल तर दुसरा प्रोग्राम परस्पर सेटिंग बदलू शकत नाही, पण माणसानेच हाताने बंद केलं तर त्याचा काही इलाज नाही. रोजच्या कामाला प्रत्येकाला साधं, बिनअ‍ॅडमिनचं खातं दिलं आहे ते याचसाठी.

आता ईमेल. २०२५ साली रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, मग आणखी एक दिवस वाढली. लोक रिफंडची वाट बघत होते, आणि फसवणारे नेमक्या अशाच काळात मेल पाठवतात. सप्टेंबरात आमच्याकडे ‘रिफंड मंजूर’ असा एक मेल आला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी इन्कमटॅक्स डिपार्टमेंट, सोबत एक झिप फाइल आणि मेलमध्येच तिचा पासवर्ड. पासवर्डने बंद केलेल्या झिपमध्ये मेलसेवेच्या तपासणीला डोकावता येत नाही, म्हणूनच तो पासवर्ड होता. साध्या झिपमध्ये आतल्या फायलींची नावं मात्र पासवर्डशिवायही दिसतात. आतल्या फाइलचं नाव ‘पीडीएफ डॉट ईएक्सई’ असं संपत होतं. म्हणजे पीडीएफ नाहीच, चालवायचा प्रोग्राम. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग (एक्स्टेंशन) मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे एरवी नुसतं पीडीएफच दिसलं असतं. आमच्या सगळ्या मशीनवर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’खाली जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ चालू केलेलं आहे. वाचून झाल्यावर तुम्हीही एवढं कराच.

पत्ता वाचताना शेवटाकडून वाचावा. इन्कमटॅक्स खात्याचं पोर्टल ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ या पत्त्यावर आहे. त्याच्यापुढे आणखी एखादं डॉट कॉम जोडलेलं असेल, तर ती जागा भलत्याचीच. रिफंड आधी पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो, त्यासाठी इन्कमटॅक्स खातं मेलवर पिन किंवा पासवर्ड मागत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या नोटिसा आणि आदेशांवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो. लॉगिन न करताही पोर्टलच्या पहिल्या पानावर तो क्रमांक टाकून नोटीस खरी की खोटी ते बघता येतं. क्लायंट नोटीस घेऊन घाबरत आले की आम्ही आधी हेच करतो.

याहून अवघड प्रकार जानेवारीत पाहिला. आमचे एक क्लायंट पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष निर्यातदार. हंगाम सुरू होत होता, त्यांना पॅकिंग बॉक्सवाल्याचा मेल आला: आमचं बँक खातं बदललंय, यापुढचं पेमेंट नव्या खात्यात करा. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खाली आधीच्या पत्रव्यवहाराची साखळी जशीच्या तशी. ना अटॅचमेंट, ना लिंक. अँटिव्हायरसने पकडावं असं त्यात काहीच नव्हतं. नव्या खात्याची नोंद करायला त्यांनी तो आमच्याकडे पाठवला. आमच्या मॅडमनी पत्ता मोठा करून पाहिला, तर नावातल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी होते. छोट्या अक्षरांत ते हुबेहूब एम दिसतात. जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “खातं बदललं? आम्ही नाही हो असं काही कळवलं, ताई!” बहुधा त्यांच्या मेलबॉक्सचा पासवर्ड फुटला असावा. त्यांनी त्याच दिवशी तो बदलला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक क्लायंटला सांगतो, खातं बदलल्याचा मेल आला की मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करायचा, माणसाचा आवाज ऐकायचा, मगच पेमेंट.

पैसे गेलेच, तर १९३० वर लगेच फोन करा आणि ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळवलं तरच ते रोखले जाण्याची आशा असते. लाज वाटून दोन दिवस घरात गप्प बसणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यासाठी जीव तुटतो.

राहता राहिलं एक जुनं मशीन. ते विंडोज ११ घेत नाही, आणि विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापराच्या मशीनना नाव नोंदवून ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. आम्ही मात्र त्याची लॅन केबल काढून टाकली. सध्या ते मागच्या वर्षांचे हिशेब बघायला वापरतो, नवीन मशीनचं कोटेशन एप्रिलमध्ये मागवणार आहोत.