वेगळी मोबाईल साइट की एकच रिस्पॉन्सिव? पैसे द्यायच्या आधी हे बघून घ्या

लालबागला मसाल्याचं दुकान असलेला माझा एक मित्र दोन आठवडे मागे लागलाय, एक जण म्हणतो मोबाईलची वेगळी साइट करून देतो, दुसरा म्हणतो एकच रिस्पॉन्सिव कर, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलणारी, सांग काय करू. ॲपचं खूळ त्याने स्वतःच सोडलं ते बरं झालं, पाव किलो मालवणी मसाल्यासाठी कोण ॲप टाकतंय फोनमध्ये.

वेगळी साइट अगदीच टाकाऊ नाही हां. हलकी बनते, पटकन उघडते, आणि जुनी साइट इतकी गुंतागुंतीची असेल की हात लावायची भीती वाटते तर तात्पुरतं चालून जातं. २०१० मध्ये इथन मार्कॉट या वेब डिझायनरने रिस्पॉन्सिवची कल्पना मांडली त्याआधी बरेच जण हेच करायचे. पण भाव बदलला की दोन ठिकाणी बदला, आणि एप्रिल-मेमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा एक ठिकाण राहणारच.

माझ्या मते खरा फरक मात्र दुसरीकडेच आहे. माझे बाबा लॅपटॉपवर सगळं ४०० टक्के झूम करून वाचतात. आता १२८० पिक्सेलची स्क्रीन चौपट झूम केली की साइटच्या हिशोबाने उरते ३२० पिक्सेल, म्हणजे चक्क छोटा फोन! रिस्पॉन्सिव साइट रुंदी बघते, त्यामुळे बाबांना आपोआप एका कॉलमची मांडणी मिळते. वेगळी साइट बघते डिव्हाइस, तिच्या लेखी हा लॅपटॉप, मग ती मोठीच साइट देते आणि बाबा प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसतात. डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, २०१८ पासून हीच ३२० ची कसोटी आहे.

पण नुसतं रिस्पॉन्सिव म्हटलं म्हणून झालं असं नाही, त्यातही लोक माती खातात, मी पण खाल्लीये. एकदा बटणांची उंची पिक्सेलमध्ये पक्की करून ठेवली, कुणीतरी अक्षर मोठं केलं आणि खालचे उकार कापले गेले, 'गुंटूर' मिरचीची झाली 'गंटर'. उंची मोकळी सोडायची आणि अक्षराचं माप रेममध्ये, म्हणजे वाचणाऱ्याने ठेवलेल्या अक्षराच्या आकाराच्या पटीत द्यायचं, एवढंच होतं. देवनागरीला वर-खाली जागा लागते, इंग्रजीवर टेस्ट करून हे कळत नाही.

अजून एक, दोन बोटांनी झूम करणं बंद करून ठेवतात काही जण, डिझाइन बिघडतं म्हणे. आयफोनचा सफारी २०१६ पासून ही बंदी मानत नाही, पण अँड्रॉइडवर आई बोटं ताणत बसते आणि काही हलत नाही. तसंच दिसायला 'ऑर्डर द्या' बटण वर आणलं पण कोडमध्ये ते तळाशीच राहिलं, तर टॉकबॅक, म्हणजे न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, ते शेवटीच वाचणार. बटणं निदान २४ पिक्सेलची हवीत हा डब्ल्यूसीएजी २.२ चा नियम, पण गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरून अंगठ्याने दाबायचं तर ४४ च ठेव.

म्हणून मित्राला सांगितलं, रिस्पॉन्सिवच घे, पण शेवटचा हप्ता द्यायच्या आधी साइट बनवणाऱ्या पोराला समोर बसव, लॅपटॉपवर कंट्रोल आणि प्लस दाबत ४०० पर्यंत ने, माउस बाजूला ठेव आणि नुसत्या कीबोर्डवरच्या टॅबने त्यालाच अर्धा किलो ब्याडगी मागवायला लाव.