कांदा-लसूण चटणीचं पाकीट: फॉइलचं की एकाच प्लास्टिकचं?

कोल्हापुरात मसाला विकणाऱ्या कंपनीची पर्यावरणाबद्दलची जबाबदारी सर्वांत आधी पाकिटात दिसते.

फॉइलच्या पाकिटात साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ७ ते ९ मायक्रॉन ॲल्युमिनियम आणि आत पॉलिथिन असतं. चटणीचा वास, तेल, रंग सगळं टिकतं. जून-जुलैच्या दमट हवेतही गुठळ्या होत नाहीत. पण हे थर वेगळे करणं परवडत नाही. भंगारवाला ते उचलत नाही, फार तर सिमेंटच्या भट्टीत जळतं, नाहीतर ओढ्यातून पंचगंगेत.

एकाच पॉलिथिनचं, आत इव्हीओएचचा (हवा अडवणाऱ्या प्लास्टिकचा) पातळ थर असलेलं पाकीट वितळवून पुन्हा वापरता येतं. अडचण मशीनवर येते. बाहेरचा थरही पॉलिथिनचाच, त्यामुळे पाकीट तापवून बंद करणाऱ्या सीलिंगच्या जबड्याला चिकटतो. तापमान कमी ठेवावं, तर सील कच्चं राहतं. जबड्याला टेफ्लॉन लावा, वेग उतरवा आणि सीलच्या पट्टीवर चटणीची पूड बसू देऊ नका. गळती बहुतेक तिथूनच होते. शिवाय इव्हीओएचला ओल लागली की त्याची हवा अडवण्याची ताकद घटते.

आमचं मत स्पष्ट आहे: गावातल्या, महिनाभरात खपणाऱ्या मालाला एकाच प्लास्टिकचं पाकीट घ्या. दूरच्या बाजाराला सध्या फॉइल चालेल, पण आधी ऐन पावसाळ्यात दोन्हींची चाचणी घ्या. आणि हा खर्च सीएसआरच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या, नफ्याच्या २ टक्क्यांत दाखवू नका. तो नेहमीच्या धंद्याचा खर्च आहे, कायद्याला ते चालत नाही.