अल्ट्रासॉनिक सेन्सर घेऊन नववीला ‘गती’ शिकवताना: जूनपासूनचा अनुभव

फळ्यावर अंतर-काळ आलेखाची चढती रेघ काढली की मागच्या बाकावरून दरवर्षी तेच उत्तर येतं, “बस चोर्ला घाट चढायलीय, सर.” आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र, ही समजूत नुसता खडू झिजवून जात नाही. म्हणून जूनपासून खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी माध्यमाच्या वर्गात एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर आर्डुइनो उनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला जोडून वापरतोय. समोर चालणाऱ्या मुलाच्या अंतराची रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर लगेच उमटते.

सेन्सर स्वस्त आहे. ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. पल्ला ४ मीटरपर्यंत सांगतात, चालत्या मुलांसाठी अडीच-तीनच धरा. ढगळ शर्टावरून ध्वनी नीट परतत नाही, रेघ उड्या मारते. छातीशी पुठ्ठा धरायला लावा. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तास निभतो.

खरी मजा उलट्या खेळात आहे. आधी मी फळ्यावर आलेख काढतो, मग एकानं तसं चालून दाखवायचं. चढती रेघ, आडवी, मग उतरती. एक मुलगी आडव्या भागातही एका चालीनं सेन्सरपासून मागे जातच राहिली. पडद्यावरची रेघ चढतच होती. सगळा वर्ग ओरडला, “थांब गे!” ती थांबली आणि रेघ आडवी झाली. फरशी तर सपाट, तरी रेघ चढली, हे पोरांनी आपणहून बोलून दाखवलं. घाट तिथंच सुटला.

वेग-काळ आलेखाला मात्र कस लागतो. दर ०.०५ सेकंदाला नोंद घेतली तर १ सेंमीच्या चुकीनं वेग २० सेंमी प्रतिसेकंद चुकतो. रेघेचं नुसतं करवतीचं पातं होतं. अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं वेग काढला की तीच चूक २ वर येते. शिवाय लॅपटॉपवरच्या साध्या आलेखात आडव्या अक्षावर सेकंद नसतात, नोंदींचा क्रमांक असतो. चढ मोजायचा तर आकडे स्प्रेडशीटमध्ये घ्यावे लागतात.

एवढं केल्यावर एकाच चालण्याचे दोन आलेख शेजारी ठेवा. अंतराची रेघ आडवी म्हणजे थांबलेला. वेगाची शून्याच्या वर आडवी म्हणजे एकसमान चालणारा. सेन्सरकडे परत येताना वेग शून्याखाली जातो, तो मंदावल्यामुळे नव्हे, दिशा बदलल्यामुळे. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

वेग-काळ रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, हे अजून आलेखकागदावरच शिकवतो: ४० सेंमी प्रतिसेकंदानं ५ सेकंद, म्हणजे २०० सेंमी. पोरं चौकोन मोजतात, मग फरशीवर टेप लावून पडताळतात.